दरवाज्यांतली रुई

बाबा,

तुमचा स्टेरिओ आज मी काढून टाकला. आधी हेच सांगते, म्हणजे तुम्हाला काय ओरडायचं ते ओरडून घ्या.

झालं? आता ऐका. आवाज वाढवायचं बटण या वेळी तुमच्या हाताशी नाही.

'प्रिय बाबा' असं लिहायला घेतलं होतं, पण हात वळला नाही. रविवारी तुम्हाला जाऊन वर्ष होतं. विहारात कार्यक्रम ठेवलाय. परवा रामदासकाका घरी आले, तुमचे टॅक्सी स्टँडवरचे सोबती, आणि चहाचा कप हातात धरूनच म्हणाले, "प्रज्ञा, यंदा तू बोलजो. घरातली पयली ग्रॅज्युएट तू. बापाबद्दल चार चांगले शब्द बोलजो." मी हो म्हटलं. आई दारात उभी होती, तिच्यासमोर नाही कसं म्हणणार?

पण ते चार शब्द काही जमेनात. वाईट शब्द मात्र पटापट सुचत होते. ते विहारात, बुद्धमूर्तीसमोर, तुमच्या फोटोला हार घातलेला असताना बोलता येत नाहीत. म्हणून आधी तुम्हालाच लिहिते. तुम्ही तरी कुठे लोकांदेखत माझं कधी ऐकलंत?

गाडी आता मी चालवते. हो, मीच! "पोरीच्या हातात स्टेअरिंग दिलं त गाडी नालीत आन् इज्जत पाण्यात," असं तुम्ही सगळ्या स्टँडसमोर म्हणाला होतात आणि सगळे हसले होते. तुम्ही गेल्यावर मी वर्ध्याला क्लास लावून शिकले. तीच गाडी, तुम्ही एका डॉक्टरांकडून घेतलेली जुनी चंदेरी गाडी, रोज सिंदीहून सेलूला नेते. कॉलेजात तासिकेवर शिकवते. बारावीच्या चार मुली माझ्यासोबत येतात, कारण त्यांच्या वेळेला एसटी नाही. गाडी अजून नालीत गेली नाही. इज्जतीचं काय झालं ते तुम्ही ठरवा, तो विषय तुमचा.

या मुली सकाळी अर्धवट झोपेत गाडीत बसतात. मला वाटलं, हा वेळ वाया का जावा? मी फिजिक्सचे धडे माझ्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड केले, साध्या भाषेत, शेतातली आणि घरातली उदाहरणं घेऊन. पण ते वाजवायचे कशावर? तुमचा सेट फक्त रेडिओ आणि सीडी ओळखतो. त्यातही सीडी गिळून बसतो. मोबाइल जोडायला त्याला भोक नाही, ब्लूटूथ तर दूरच. मोबाइल डॅशबोर्डवर ठेवून लावला तर खड्ड्यांच्या आवाजात माझा आवाज हरवतो. मागच्या सीटवरची मुलगी रोज विचारते, "मॅम, काय म्हटलं?"

म्हणून सेट बदलायचा ठरवला. सोबत दरवाज्यांतले चारही स्पीकर. त्यांतले दोन फाटले होते आणि एक नुसता खरखरायचा.

"कंपनीची वस्तू आहे, हात लावू नोको." किती वेळा ऐकलं असेल हे वाक्य! मी सहावीत असताना गाडी आली. तेव्हा सेटचं बटण नुसतं फिरवून पाहिलं म्हणून तुम्ही माझ्या हातावर चापट मारली होती. गाडी घरची झाली तरी ते बटण कायम तुमचंच राहिलं.

आणि त्या बटणाचा तुम्ही काय उपयोग केलात? गाणी तर सगळेच ऐकतात. तुम्ही त्यानं माणसांना गप्प करायचात. आईनं माहेरी जायचं नाव काढलं की आवाज वाढायचा. मी नागपूरला एम.एस्सी.ला जाते म्हटलं तेव्हा तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. बटण उजवीकडे फिरवलंत. सिंदीपासून सेलूपर्यंत मी मागच्या सीटवर बसून काहीतरी बोलत होते आणि समोर कुणीतरी गात होतं. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणात निदान समोरचा माणूस मोजला जातो!

कंपनीच्या वस्तूला हात लावायचा नाही, हा नियमही आमच्यापुरताच. तुम्ही स्वतः काय केलंत ते विसरलात?

मी अकरावीत होते. आपल्या रस्त्यावर गाडी जरा वेगात गेली आणि गाण्यातला ढोल वाजला की दरवाज्यांचा पत्रा झणझणायचा. पत्रा झणझणू नये म्हणून आतून जाड डांबरी शीट चिकटवतात, हे कोणत्याही दुकानदारानं सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही कापसाच्या जिनिंग मिलमध्ये गेलात आणि ओळखीतून पोतंभर रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, आणलीत.

रुई! गाडीच्या दरवाज्यांत भरायला! कापसाच्या गावाबाहेर असली अक्कल कुणाला सुचली असती का?

तो दिवस मला चांगला आठवतो. घरासमोर गाडीचे चारही दरवाजे सताड उघडे, आतलं प्लास्टिक काढून ओसरीवर ठेवलेलं, आणि तुम्ही उकिडवे बसून गादी भरावी तशी मुठीमुठीनं रुई कोंबताय. तुमच्या मिशीला रुई, भुवयांना रुई. रामदासकाका ओरडले, "काय गा, गाडीले रजई शिवून राह्यला का?" तुम्ही म्हणालात, "पाह्यजो मंग. असा आवाज येईन ना, गादीवर झोपल्यासारखा."

आणि आवाज खरंच चांगला आला, हे मी मान्य करते. मी तुमच्यासारखी नाही, बरोबर असेल त्याला बरोबर म्हणते. पत्रा गप्प झाला, ढोल गोल वाजायला लागला. तुम्ही स्टँडवरच्या सगळ्यांना गाडीत बसवून ऐकवलंत. मग रामदासकाकांनी भरली रुई, मग आणखी कुणीकुणी भरली. सगळ्या स्टँडला तुम्ही गाद्या करून दिल्या!

तीन पावसाळ्यांनी गाडीत वास यायला लागला. ओल्या गोधडीचा वास. तेव्हा मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. सेलूला तुमच्याच गाडीनं जायचे; मागे, डाव्या दरवाज्याशी माझी नेहमीची जागा. तिथं कान लावला की दरवाज्यात पाणी हलल्याचा आवाज यायचा. मी थोडं वाचलं, थोडा विचार केला आणि तुम्हाला सांगितलं. किती हौसेनं सांगितलं होतं मी! मला वाटत होतं, शिकल्याचा घराला पहिल्यांदा उपयोग होतोय.

"बाबा, काचेच्या फटीतून पाणी दरवाज्याच्या आत जातंच. कंपनीला ते माहीत असतं. म्हणून खाली भोकं ठेवलेली असतात, पाणी निघून जायला. तुमच्या रुईनं ती भोकं बुजली. रुई पाणी धरून ठेवते. पत्रा आतून सडतोय आणि स्पीकरचा कागदही. रुई काढून टाका. डांबरी शीट लावा. आणि तेलाचा प्लास्टिकचा डबा अर्धा कापून स्पीकरच्या मागं वरून छपरासारखा बसवा, म्हणजे त्यावर पाणी पडणार नाही."

तुम्ही आरशातून माझ्याकडं पाहिलंत. "तू मले कापूस शिकवून राह्यली का?"

"कापूस नाही बाबा, पाणी."

"माया बापानं कापूस वेचला, मायनं वेचला, मी वेचला. आन् तू दोन बुकं वाचून मले सांगते का कापूस ओला होते?" मग शेजारच्या सवारीकडं वळून म्हणालात, "पोरगी बी.एस्सी. करून राह्यली ना साहेब. घरात आता मास्तरीनबाईच झाली."

ते साहेब हसले. तुम्ही आवाज वाढवलात.

त्या 'बी.एस्सी.'चं मला सगळ्यात जास्त लागतं, बाबा. ती पदवी तुम्ही फ्रेम करून बैठकीत लावलीत. गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगायचात, "आमची पोरगी बी.एस्सी. आहे, फिजिक्स." जयंतीला माइक हातात आला की तुमचं भाषण ठरलेलं: पोरी शिकल्या पाहिजेत, पोरीनं विचार केला पाहिजे, पोरीनं प्रश्न विचारला पाहिजे. टाळ्या! आणि घरी आल्यावर? घरी पोरीनं प्रश्न विचारला की "पुस्तकातलं पुस्तकात ठेव." मग शिकवलंत कशाला? भिंतीवर लावायला? पदवी बैठकीत आणि पदवीवाली मागच्या सीटवर, असंच ना?

मी भाषणं खरी मानत होते, हीच माझी चूक झाली. तुम्ही माइकवर बोलायचात तेव्हा मी पहिल्या रांगेत बसून मान डोलवायचे. मला वाटायचं, हा माणूस बोलतो ते जगतो.

रुईवरून पुढंही दोनदा बोलले. दोन्ही वेळा आवाज वाढला. मग सोडून दिलं. दरवाजेच सडणार होते, सडू दे म्हटलं.

पण छातीचं मी सोडलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला तुम्ही डावा खांदा चोळायला लागलात. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर थांबायला लागलात. जेवल्यावर घाम यायचा. मी म्हटलं, "बाबा, हा गॅस नाही. वर्ध्याला जाऊ, छातीची पट्टी काढू." तुम्ही म्हणालात, "आता डाक्टरकीपण आली का बी.एस्सी.त?" तरी मी मागं लागले. सेलूच्या रस्त्यावर, गाडीत, मागच्या सीटवरून, कारण तेवढ्याच जागेत तुम्ही माझ्यापासून उठून जाऊ शकत नव्हता. मी म्हटलं, "मी हात जोडते, आज चला. गाडी इथूनच वर्ध्याला घ्या."

तुमचा हात स्टेअरिंगवरून उठला. मला क्षणभर वाटलं, इंडिकेटर देताय. तो बटणाकडं गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुम्ही स्टँडवर, सवारीची वाट पाहत, गाडीत बसल्या बसल्या गेलात. रामदासकाकांनी दरवाजा उघडला तेव्हा सेट चालू होता, असं ते म्हणाले. त्यांना वाटलं तुम्ही गाणं ऐकत डुलकी घेताय. बंद त्यांनीच केला. बाबा, तुमच्या शेवटच्या वेळीही त्या गाडीत कुणाला काही ऐकू येत नव्हतं!

आता सांगा, त्या सेटला मी हात लावू नको?

वर्ध्याच्या दुकानात मी नवा सेट आणि चार स्पीकर घेतले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, फिटिंगले भाऊ येईल का?" मी म्हटलं, "भाऊ नाही, मीच बसवणार." तो हसला आणि म्हणाला, "बसवा बसवा, मंग जळला की घेऊन या." तुमचाच भाऊ शोभतो! मी आणखी डांबरी शीट आणि गाडीच्या सॉकेटला बसणारी जोडवायर मागून घेतली, म्हणजे एकही जुनी वायर कापायला नको. त्यानं मुकाट्यानं काढून दिली.

आज सकाळी ओसरीसमोर गाडी लावली. आधी बॅटरीची काळी वायर काढली. मग डॅशबोर्डची चौकट प्लास्टिकच्या उलथण्यानं हळूच उचकटली. आई दारातच उभी होती. जवळही येईना आणि आतही जाईना.

"त्याईच्या हातचं आहे ना ते," ती म्हणाली.

"हातचं नाही आई, कंपनीचं आहे. ते स्वतःच म्हणायचे."

चार स्क्रू काढले, सेट बाहेर ओढला. इतका हलका निघाला! मला उगाच वाटायचं, फार जड असेल. आईच्या हातात दिला. तिनं तो पदरानं पुसला. तो तिचा आणि तुमचा मामला.

मग दरवाजे उघडायला घेतले. आधी तुमचा, ड्रायव्हरचा. हँडलमागचा स्क्रू काढला, प्लास्टिक ओढलं, खटाखट क्लिपा सुटल्या आणि वास आला. आईनं नाकाला पदर लावला. आत रुई नव्हतीच, काळा चिखल होता. हातानं काढला तर लगदा यायचा. खाली भोकं बुजलेली, पत्र्याला बोट लावलं तर गंजाचा चुरा पडायचा. स्पीकरचा कागद विरून गेलेला. शेजारचा दरवाजा तसाच. मागचा उजवा त्याहून वाईट. मी एकेक लगदा उकिरड्यावर नेऊन टाकत होते आणि मनात एकच चाललं होतं: मी सांगितलं होतं, मी सांगितलं होतं, मी सांगितलं होतं!

मग मागचा डावा. माझ्या जागेचा.

त्याचं प्लास्टिक हात लावताच सुटलं. क्लिपा नव्या होत्या. आत लगदा नव्हता, वासही नव्हता. आतल्या पत्र्यावर चांदीसारखी चकचकीत शीट चिकटवलेली, एका कोपऱ्यात जरा वाकडी. खालची भोकं मोकळी. आणि स्पीकरच्या मागं, वरून, तेलाचा प्लास्टिकचा डबा. अर्धा कापलेला. छपरासारखा बसवलेला.

मी तिथंच मातीत बसले.

शब्द न् शब्द माझा होता, बाबा! शीट माझी, भोकं माझी, डबासुद्धा माझा. डब्याची कल्पना तर कोणत्या पुस्तकातलीही नव्हती, स्वयंपाकघरात पाहून सुचली होती.

"आई," मी म्हटलं, "हे कधी केलं?"

आईनं सेट ओसरीवर ठेवला. "तू नागपूरले कायचीतरी परीक्षा द्याले गेलती ना? तवा."

"तुला माहीत होतं?"

"मी त धरून बसली होती ना दरवाजा. म्हने, पोरगी म्हने तसं एक करून पायतो. एकच. पानी येऊन जाऊ दे, मंग समजते."

"मग? पाऊस गेल्यावर?"

आई खाली पाहायला लागली. "पाह्यलं ना. हे दार उघडलं, सुकं होतं. मंग सोताच्या बाजूचं उघडून पाह्यलं, वास आला. बंद करून टाकलं."

"आणि बाकीचे तीन?"

"मी म्हटलं करा आता. त म्हने, स्टँडवर साऱ्याईले मीच भराले लावली रुई, आता कोन्त्या तोंडानं काढू?"

"मला का नाही सांगितलं?"

आईनं ओसरीवरच्या सेटची लोंबणारी वायर गुंडाळून ठेवली. मग म्हणाली, "म्हने, तिले सांगू नोको. डोक्यावर बसन."

बाबा, हे वाक्य मी पुन्हा लिहिते, म्हणजे तुम्हाला नीट वाचता येईल. 'तिले सांगू नोको. डोक्यावर बसन.'

लोक म्हणतील, बघ, बापाचं प्रेम! लेकीच्या बाजूचा दरवाजा तेवढा नीट केला, तिला ओल लागू नये म्हणून. रामदासकाका तर रडतील. मला रडू आलं नाही. मला इतका राग आला की हातातला स्क्रूड्रायव्हर उकिरड्यापर्यंत गेला.

कारण याला काय म्हणतात, माहीत आहे? प्रयोग म्हणतात. एक दरवाजा बदलायचा, तीन तसेच ठेवायचे, पाऊस जाऊ द्यायचा आणि फरक पाहायचा. मी मुलींना हेच शिकवते. तुम्ही अगदी बरोबर केलात, आणि निकाल आल्यावर तो दाबून टाकलात! अडाणी माणसाला मी माफ केलं असतं. ज्याला कळलंच नाही त्याच्यावर काय रागवायचं? पण तुम्हाला कळलं होतं. पोरगी बरोबर आहे हे तुम्ही स्वतःच्या नाकानं हुंगलं होतं. त्यानंतरही तुम्ही आरशातून माझ्याकडं पाहून 'मास्तरीनबाई' म्हणत राहिलात. सुक्या दरवाज्याला टेकून मी बसत होते आणि तुम्ही मला हसत होता!

आणि आता मला रामदासकाकांचं गेल्या वर्षीचं बोलणं कळलं. तुमच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात, सगळे पांढऱ्या कपड्यांत बसलेले असताना, ते उठून म्हणाले होते, "आमच्या दोस्ताचं डोकं लय चालायचं. एकडाव मले म्हने, रामदास, रुईपेक्षा डांबरी शीट चांगली, आन् वरून तेलाच्या डब्याचं छप्पर. म्या म्हटलं, कोन्त्या इंजिनियरनं सांगतलं? त म्हने, कोनी नाई, आपलंच डोकं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी समोरच बसले होते. मला वाटलं, दुःखात काकांचा काहीतरी गोंधळ होतोय, कारण आपल्या गाडीत तर रुईच होती. गोंधळ नव्हता! तुम्ही माझं वाक्य घेतलंत, माझं नाव पुसलंत आणि स्टँडवर फिरवलंत. 'आपलंच डोकं!'

एवढं जड होतं का माझं नाव? जेवताना, भाकरी मोडता मोडता, 'पोरी, तुयं बरोबर निंगालं' एवढंच म्हटलं असतंत तर मी कुठे डोक्यावर बसणार होते? मी उठून तुम्हाला आणखी वरण वाढलं असतं, बस. आणि पुढच्या वेळी छातीचं बोलले असते तेव्हा मीही जरा जोरानं बोलले असते. मला माहीत असतं की माझं बोलणं या माणसापर्यंत पोचतं. तुम्हालाही आठवलं असतं, मागच्या वेळी हिचं खरं निघालं होतं. त्या दिवशी सेलूच्या रस्त्यावर तुमचा हात कदाचित इंडिकेटरकडंच गेला असता.

एका दरवाज्यापुरतं तुम्ही माझं ऐकलंत, बाबा. तसंच एकदा छातीपुरतं ऐकायचं होतं. मला न सांगता गेला असतात तरी चाललं असतं. स्टँडवर 'आपलंच डोकं' म्हटलं असतंत तरी चाललं असतं. तुम्ही जिवंत असता आणि मी रोज तुमच्याशी भांडले असते.

असो. काम अर्धं पडलं होतं, म्हणून उठले. स्क्रूड्रायव्हर शोधून आणला. तिन्ही दरवाजे धुतले, वाळवले, गंज घासून रंगाचा हात मारला, शीट चिकटवली. आईनं आपणहून स्वयंपाकघरातून तेलाचे रिकामे डबे आणून ठेवले. स्पीकरच्या दोन वायरी उलटसुलट जोडल्या तर आवाज पोकळ होतो, म्हणून एकेक तपासून जोडली. नवा सेट सॉकेटला लावला, बॅटरी जोडली, किल्ली फिरवली. काही जळलं नाही. त्या दुकानदाराला मुद्दाम जाऊन सांगणार आहे.

चौथ्या दरवाज्यात फक्त स्पीकर बदलला. तुमची शीट आणि तुमचा डबा तसाच ठेवलाय. प्रेमानं नाही, उगाच खूश होऊ नका. काम नीट झालेलं होतं म्हणून. कोपरा तेवढा वाकडा आहे.

मग आईला मागच्या सीटवर बसवलं आणि माझा पहिला धडा लावला. चारही दरवाज्यांतून माझा आवाज आला, बाबा. स्वच्छ, भरलेला, पत्र्याचा झणकार नाही. तुमच्या गाडीत! आई दचकून इकडंतिकडं पाहायला लागली. मग काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही, कारण मीच मोठ्यानं बोलत होते, सेटमधून.

माझा हात आपोआप पुढं गेला आणि मी आवाज कमी केला.

"काय म्हटलंस आई?"

ती म्हणाली, "मी म्हटलं, थोडं हळू बोलत जाय. पोरीईले घाई होईन."

तिचं बरोबर होतं. धडा मी फारच भरभर बोललेय. मी तिला तोंडावर सांगितलं, "आई, तुझं बरोबर आहे." ती इतकी लाजली की मला कसंतरीच झालं. या घरात हे वाक्य तिला कुणीच कधी म्हटलेलं नाही. मीसुद्धा नाही.

आता रविवारचं. मी बोलणार आहे. रुईपासून डब्यापर्यंत सगळं सांगणार आहे, आणि डबा कुणाच्या डोक्यातून निघाला तेही. रामदासकाकांच्या गाडीत अजून रुई आहे. त्यांना म्हणेन, काका, घरी जाऊन दरवाजे उघडा. आणि ज्यांच्या घरी शिकणारी पोरगी आहे त्या सगळ्यांना म्हणेन, तिचं बरोबर निघालं तर जेवायला बसल्यावर तिलाच सांगा, स्टँडवर नको. लोकांना वाईट वाटेल. वाटू दे. चार चांगले शब्द माझ्याकडं नाहीत. एक दरवाजा आहे, तो मी त्यांना उघडून दाखवीन.

तुम्हाला मी अजून माफ केलेलं नाही. पुढच्या वर्षी पाहू.

पण एक वचन देते, आणि ते मी पाळते हे तुम्हाला माहीत आहे. या गाडीत समोर बसलेली असो की मागं, चार मुलींतली सर्वांत हळू बोलणारी असो की आई, कुणीही तोंड उघडलं की मी आधी आवाज कमी करीन. मग गाडी चालवीन.

तुमची,
डोक्यावर बसलेली,
प्रज्ञा